रुईचं देवक

परवा राजापेठेत, भाच्याच्या घरी, त्याच्या मुलीला बघायला माणसं आली. पानसुपारी झाली आणि पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणं कूळ विचारलं. भाच्यानं घसा साफ केला आणि सुरू झाला. आमचे मूळ पुरुष रजपुतान्यातून आले, हाती नंगी तलवार. त्यांचा मुलगा किल्लेदार, त्याचा नातू घोडदळाचा सरदार. देवक मोराचं पीस. पाहुणे माना डोलवत होते. मी आत कणीक मळत होते. मळत कसली, तिचा जीव घेत होते.

भाच्याला मी दोष देत नाही. त्यानं ते बापाकडून ऐकलं, बापानं आजाकडून. त्याचा आजा म्हणजे माझा बा. पण ज्या कुळाला शेकडो वर्षं झाली म्हणून भाचा सांगतो, त्या कुळापेक्षा मी वयानं मोठी आहे. ते जन्मलं तेव्हा मी दाराशी उभी होते. ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आम्ही काही ऋषी नाही, कुणबी आहोत. आमचं खुशाल विचारा. अमरावतीला राहून माझी बोली जरा शहरी झाली आहे, पण सांगायचं ते गावचंच सांगते.

आमचं गाव अकोल्याच्या वाटेवर, पूर्णेच्या काठी. बाचा आजा तिथं दुष्काळात आला, गोदेकडून. आला तो आपल्या मायला खांद्यावर घेऊन आला, कारण तिचे पाय सुजले होते आणि बैल वाटेत मेला होता. गावच्या पाटलानं त्याला सालदार म्हणून ठेवला, म्हणजे वर्षभर राबायचं आणि वर्षाचं धान्य घ्यायचं. पुढं पाटलानंच त्याला पडीक जमिनीचा एक तुकडा दिला. हराळीनं आणि पळसाच्या खुंटांनी भरलेली ती जमीन त्यानं कुदळीनं मोकळी केली. माय तोवर मेली होती. लग्न ठरलं तेव्हा गावच्या बायकांनी विचारलं, बाप्पा, तुमचं देवक कोणतं? देवक म्हणजे कुळाची खूण. लग्नाआधी मांडवात ते बसवतात, मगच हळद. कोणाचं उंबर, कोणाचं कळंब, कोणाचं पीस. आता ह्या पोरक्या माणसाला काय ठाऊक? देवक बायका सांभाळतात, आणि त्याच्या घरातली एकुलती बाई, त्याची माय, तर गेलेली. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. त्या वर्षी बांधावर रुईशिवाय काही हिरवं नव्हतं. त्यानं रुईची फांदी तोडून आणली आणि म्हणाला, हे आमचं देवक. झालं. तेव्हापासून आम्ही रुईवाले.

हे सगळं आमचा भाट गायचा. दोन-तीन वर्षांतून एकदा, सुगी झाली की तो तट्टावर बसून यायचा, ओसरीवर घोंगडी टाकून बसायचा आणि आमच्या पिढ्या गायचा. कागद नाही, पोथी नाही, सगळं तोंडात. ‘खांद्यावर माय, हाती कुदळ’ हे शब्द आले की बा मांडीवर थाप मारायचा. माझ्या बाला त्याच्या आजाचा अभिमान होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. तो मुळात वाईट माणूस नव्हता.

मग कापसाला सोन्याचे दिवस आले. दूर कुठं तरी गोऱ्या लोकांच्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, आणि मुंबईचे दलाल आमच्या चिखलातून चालत येऊ लागले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी असतानाच ते कापूस घेऊन टाकायचे. लोकांनी ज्वारीच्या वावरातही पऱ्हाटी लावली. ज्यांना वावर नव्हतं त्यांना ज्वारी मिळेना, आणि कापूस वेचायला येणाऱ्या बाया अंबाडीची भाजी उकडून खायच्या. हे कोणी सांगत नाही. सगळे सांगतात ते बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचं. मी तरी चांदीची धाव पाहिली नाही. पण आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या, हे खरं. मायच्या पायात वाळे आले. बाच्या डोक्यावर जरीचा फेटा आला. फेट्याखालचं डोकंही फिरू लागलं.

अक्काची सोयरीक त्याच्या आधीच जमलेली होती. अक्का माझी मोठी बहीण. नदीपलीकडच्या गावचं घर, आमच्यासारखंच, बैलजोडीचं. मुलाला मी एकदाच पाहिला, यात्रेत, रेवड्या खाताना. पण त्याचा आजा आमच्याकडं वरचेवर यायचा. धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, “माही नातसून कोठी गेली व?” अक्का लाजून गोठ्यात पळायची, आणि मग बोरं घ्यायला परत यायची. म्हातारा तिला म्हणायचा, “तू आली का मी चूल तुह्या हाती देतो अन् मरतो.” अक्का म्हणायची, “मंग मी येतच नाई.” असं त्यांचं चालायचं. अक्काला नवऱ्यापेक्षा हा आजेसासराच जास्त ठाऊक होता, आणि ती त्या घरी जायला मनापासून राजी होती.

एका हंगामात बा कापूस घेऊन अमरावतीला गेला. तिथं दलालाच्या गादीवर पानं खात मोठी माणसं बसली होती. त्यांत एक देशमुख होता, अंगावर मलमल, बोटांत अंगठ्या. त्यानं बाला सहज विचारलं, देवक कोणतं? बानं सांगितलं, रुई. आता दलाल हिंदी बोलणारा, त्यांच्या भाषेत रुई म्हणजे कापूस. तो हसून म्हणाला, “वा, रुईवाले रुई लाए!” गादीवर हशा झाला. देशमुख त्यावर कडी करून म्हणाला, “रुईच्या बोंडातून म्हातारी उडते ते माहीत हाय ना? तुमचं कूळ तं फुंकर मारली का उडून जाईन.” पुन्हा हशा.

बा घरी आला तो जेवला नाही. मायनं विचारलं तर तिच्यावर खेकसला, “रुई का देवक असते? गाढव तोंड लावत नाई त्याले!” माय म्हणाली, “म्हनून तं ते दुष्काळात उरलं.” त्यावर बानं लोटा आपटला.

त्या वर्षी भाट आला तेव्हा बानं त्याला ओसरीवर बसवलं नाही, गोठ्यात नेलं. माय म्हशीच्या पलीकडं धार काढत होती, दोघांना दिसली नाही. जे तिनं ऐकलं ते तिनं अक्काला आणि मला सांगितलं. बा म्हणाला, मला चांगलं कूळ पाहिजे. भाट आधी हसला, मग त्याला कळलं की हा थट्टा करत नाही. मग त्यानं लुगडी दाखवावीत तशी कुळं दाखवायला सुरुवात केली. हे घ्या, ह्यात किल्ला आहे. ह्यात घोडा आहे. ह्यात किल्ला आणि घोडा दोन्ही, पण ह्याला जरा जास्त बिदागी लागेल. बानं दोन्ही असलेलं घेतलं. देवकाचं आलं तेव्हा भाट म्हणाला, ह्या कुळाला कट्यारही चालते, मोराचं पीसही चालतं. बा म्हणाला, “पीस घालून द्या. शोभते.”

तेव्हा माय म्हशीच्या आडून उठली. हातात दुधाची कासंडी, तशीच. म्हणाली, “अवो, सोयऱ्याईले तं इचारा. आपलं रुईचं कोनाशी जुळत नाई म्हनून सोयरिकीत आपन इचारलंच नाई, त्याईचं देवक कोनतं हाय ते.”

बा म्हणाला, “बायकाईनं कुळात तोंड घालू नोये.”

आता बघा. देवक बायकांच्या हाती, कूळ पुरुषांच्या तोंडी. पुरुषाला स्वतःच्या देवकापलीकडं दुसऱ्या कोणाचं ठाऊक नसतं, आणि बाईला विचारायचं नाही. भाटाला ठाऊक असायला हवं होतं, पण नदीपलीकडची घरं दुसऱ्या भाटाकडं होती. हा म्हणायचा की मला माहीत नव्हतं. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत, तोही आता मेला. पण एवढं मला अजून उमजत नाही, की ज्या माणसानं आयुष्यभर वावरात पाय ठेवण्याआधी माती हातात घेऊन पाहिली, त्यानं हे कुळाचं वावर न पाहता कसं घेतलं!

बानं मांडव घातला. पाच गावं जेवायला बोलावली. अमरावतीचा तो देशमुखही आला, त्याच्यासाठीच तर सगळा घाट होता. त्याला लोडाशी बसवला. अक्काचा आजेसासरा पुढच्या पंगतीत होता, धुतलेला अंगरखा घालून. जेवणं झाल्यावर भाट उभा राहिला. त्याचा आवाज गोड होता, हे कबूल करायला हवं. रजपुताना आला, तलवार आली, किल्ला आला. लोक एकमेकांकडं बघत होते. बाच्या आजाला त्यांच्या बापांनी पाटलाच्या गोठ्यात शेण काढताना पाहिलेलं, पण पोटात बाची पुरणपोळी होती. कोणी तरी मागून हळूच बोललं, “कुणबी माजला, मराठा झाला.” ते मी ऐकलं. बानंही ऐकलं असेल.

मग भाटानं तान घेऊन देवक गायलं, मोराचं पीस.

आजेसासरा टाळी वाजवून म्हणाला, “अरे बाप्पा! आमचं बी पीसच! मंग तं आपन भाऊ-भाऊ निघालो!”

मांडवभर हशा झाला. तोही हसला, चांगला खळखळून. अक्का तेव्हा पाण्याचा गडू घेऊन पंगतीतून येत होती. तिला बघून त्याचं हसू थांबलं. म्हातारा तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत राहिला. एक देवक म्हणजे एक रक्त, एका देवकात लग्न म्हणजे बहीण-भावाचं लग्न. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हशा हळूहळू विरला. म्हातारा अगदी बारीक आवाजात म्हणाला, “मंग हे माह्या घरी कशी येईन?”

भाट घोंगडी आवरू लागला.

आठवड्यानं पारावर पंच बसले. आम्ही बायका मारुतीच्या देवळामागं उभ्या होतो, तिथून ऐकू यायचं. अक्का माझा हात धरून होती. पंचांपुढं म्हातारा हात जोडून उभा राहिला. तो बाला म्हणाला, “भाऊ, मी तुमाले काई जास्त मांगत नाई. येवढंच म्हना का भाट चुकला. आमचं देवक रुईच हाय, येवढंच म्हना. पोरगी मी आजच नेतो. काई नको मले. हे अंगावरचं लुगडं पुरे.”

पंचांतला एक जण म्हणाला, चूक तर कोणाचीही होते, भाटाचीही होते. म्हणा अन् मोकळे व्हा. वाट अशी सोपी करून दिली होती. एक वाक्य. मला वाटलं, बा म्हणणार. अक्कालाही वाटलं, कारण तिनं माझा हात सैल सोडला.

पण पाराच्या कडेला तो देशमुख बसला होता. मोठा माणूस म्हणून त्यालाही बोलावलं होतं. बानं त्याच्याकडं पाहिलं. फेट्याचं टोक हातात घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं. मग म्हणाला, “भाट खोटं गात नाई.”

माझ्या बाचा तेव्हा मला इतका राग आला की तो आजही गेला नाही. लोक म्हणतात मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. का बोलू नये? जिवंतपणी त्यानं जे केलं ते मेल्यावर थोडंच पुसलं जातं?

म्हातारा वळला. जाताना देवळामागं आला, अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस मुलीसारखा रडला. त्यानंतर तो आमच्या गावात आला नाही, आणि त्याचा नातू पुढच्याच हंगामात दुसरीकडं बोहल्यावर चढला.

आता अक्काचं काय? मोडलेल्या सोयरिकीची पोर. आमच्या जुन्या बरोबरीच्या घरांना बा विचारीना, कारण ती घरं आता त्याच्या कुळाला खाली वाटत होती. खऱ्या मोठ्या कुळातली घरं आम्हाला विचारीनात, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. शेवटी अकोल्याजवळचं एक घर मिळालं. नाव मोठं आणि लक्षण खोटं, घराचा चौक ढासळलेला, पण नाव होतं. नवरा तिसरेपणाचा. जावई सासऱ्याहून वडील! लग्नात मायनं मांडवात मोराचं पीस बसवलं आणि त्याच्या खाली, हळदीच्या टोपलीत, रुईचं एक पान लपवलं. अक्कानं ते पाहिलं आणि पदरानं झाकलं.

त्याच सुमारास लढाई संपली म्हणे. कापूस उतरला तो दरडीवरून दगड पडावा तसा उतरला. दलाल यायचे बंद झाले, शेंब्या गेल्या, मायचे वाळे गेले. देशमुखाचं बोलावणंही बंद झालं. आमच्या वावरात पुन्हा ज्वारी आली. सगळं होतं तसं झालं म्हणायला हरकत नव्हती, फक्त ते कूळ तेवढं राहिलं. ते कोणी परत घेत नाही.

अक्काचा नवरा पटकीत मेला. अकोल्याकडं त्या वर्षी घरंच्या घरं गेली. अक्का वाचली आणि आमच्याकडं परत आली, हात मोकळे, कपाळ मोकळं. तेव्हा तिच्या अंगावर अजून बाईपणही नीट आलेलं नव्हतं. माय तिला बघून रडली, पण लगेच डोळे पुसून बाला म्हणाली, वर्ष झालं की पाट लावू. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न. गाजावाजा नसतो, पण बाईचा संसार पुन्हा उभा राहतो. बाची सख्खी मावशी पाटाचीच होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

बा म्हणाला, “आपल्या कुळात पाट नसते.”

माय त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, “कोनत्या कुळात?” तो उठून गोठ्यात गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिनं जन्मभर खाल्ला, आणि दोन वर्षांनी तीही गेली.

मला बानं अमरावतीकडच्या एका बिजवराला दिलं. माणूस भला होता. त्यानं कूळ विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. धाकटा भाऊ बापाजवळ राहिला. अक्का त्या घरात राबत राहिली. वावरात तिच्याइतका स्वच्छ कापूस कोणी वेचत नसे. पहिल्या वेचणीला बायका वावरात दहीभात ठेवून सीतादही करतात, तेव्हा मात्र तिला दूर उभं राहायला सांगत. मी माहेरी जायचे तेव्हा तिच्या शेजारी दूर उभी राहायचे. भावजय म्हणायची, तुम्ही या ना. मी म्हणायचे, मले इथंच बरं वाटते.

पुढं बा अंथरुणाला खिळला म्हणून निरोप आला. मी गेले. अक्कानं मला विहिरीवर नेलं आणि सांगितलं. शेजारच्या गावातला एक माणूस होता, बायको बाळंतपणात गेलेली, एक लहान मुलगी. आमच्या बांधाला बांध लागून त्याचं वावर. त्यानं पाटाचं विचारलं होतं, रीतीनं, दोन माणसं पाठवून. भावकीनं सांगितलं, तुमच्याकडं पाट चालत असेल, ह्यांच्या कुळात चालत नाही. घरच्या म्हाताऱ्यानं स्वतः सांगितलं तर गोष्ट निराळी. नाही तर सगळं घर वाळीत. भावाला लहान लहान मुलं, तो काय बोलणार?

मी विचारलं, “तुले जाचं हाय काय?”

अक्का म्हणाली, “हो. मले जाचं हाय.” मग तिनं दोर ओढता ओढता सांगितलं, “त्याची पोरगी मले बांधावरून हाक मारते. काहून नाई जाचं मी?” इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ते पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बा अगदी खालावला. दुपारची वेळ. ओसरीवर भावकी जमली होती, शेवट पाहायला आलेली. तो माणूसही आला होता. सगळ्यांपासून जरा दूर, ओसरीच्या टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आत मी आणि अक्का होतो. अक्का बाचे पाय चेपत होती. बानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. ती वाकली. मी उशाशी होते, मलाही ऐकू आलं.

बा म्हणाला, “अक्के, खोटं होतं ते. मी भाटाकून गावून घेतलं. आपन रुईवालेच हाओत.”

अक्का अगदी शांत होती. म्हणाली, “मले माहीत हाय, बा. मले सांगू नोका. मोठ्यानं बोला.” ती उठली, दाराशी गेली, दार पुरतं उघडलं आणि ओसरीवरच्यांना म्हणाली, “आत या सगळे. बाले काई सांगाचं हाय.”

माणसं आत आली. खोली भरली. फेटेच फेटे. तो माणूस उंबऱ्याशी उभा राहिला. अक्कानं बाच्या पाठीखाली हात घालून त्याला बसता केला आणि म्हणाली, “बोला, बा.”

बानं सगळ्यांकडं पाहिलं. एकेका तोंडाकडं. त्याचे ओठ हलले. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बोल रे बाप्पा, एकदा बोल, एकच तं शब्द हाय! रुई म्हन!

तो म्हणाला, “पानी.”

अक्कानं त्याला तसाच धरून ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली. मग एका हातानं गडू ओढला आणि त्याला पाणी पाजलं. अर्धं पोटात गेलं, अर्धं गळ्यावर सांडलं. तिनं त्याला हळूच खाली टेकवलं आणि लोकांकडं वळून म्हणाली, “काई नाई. तान लागली होती त्याईले.”

माणसं बाहेर गेली. उंबऱ्याशी उभा असलेला माणूसही वळला, ओसरीवरून उतरला, जोडे पायात सरकवले. अक्का दाराशी उभी राहून तो वळणाआड होईपर्यंत बघत होती. मग आत आली आणि बाच्या गळ्यावरचं पाणी पदरानं पुसू लागली.